पाच वर्षांचं कुलूप

व्हर्जिनियात शाळा नेमकी कोणाच्या हातात असते, हे मला माझ्या पासष्टी ओलांडलेल्या विद्यार्थ्याने शिकवलं. आमच्या काउंटीच्या वाचनालयात प्रौढांसाठी लिहिण्या-वाचण्याचा वर्ग चालतो, तिथे आठवड्यातली एक संध्याकाळ मी शिकवायला जाते. हे गृहस्थ रस्त्यावरच्या पाट्या वाचत, औषधांची नावं ओळखत, बायबलमधले पाठ असलेले उतारे ओळीवर बोट फिरवत म्हणत. अनोळखी परिच्छेद आला की मात्र बोट जागच्या जागी थांबे. लहान मुलांच्या पुस्तकांनी त्यांना कमीपणा वाटू नये म्हणून मी म्हटलं, घरी टपालाने जे येतं तेच घेऊन या, आपण ते वाचू. पुढच्या वेळी ते घरपट्टीचं बिल घेऊन आले.

घराची ठरवलेली किंमत, तिच्या दर शंभर डॉलरमागे कराचा दर, आणि सोबतच्या पत्रकात तो पैसा कुठे जातो याचा तक्ता. सगळ्यात मोठा वाटा शाळांचा. त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारलं, "मॅम, हा आकडा कोण ठरवतं?"

"काउंटीचं सुपरवायझर मंडळ."

"आणि शाळा कोण चालवतं?"

"स्कूल बोर्ड."

"बोर्डाला स्वतःचा कर लावता येतो?"

व्हर्जिनियात नाही येत. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत स्कूल बोर्ड स्वतः कर बसवतं. इथलं बोर्ड दर वसंतात सुपरवायझर मंडळापुढे अंदाजपत्रक घेऊन उभं राहतं आणि मंडळ देईल तेवढ्यात वर्ष काढतं. मी हे सांगत असताना ते मान हलवत होते. मग म्हणाले, "बरोबर. आमच्याकडे त्यांनी शून्य दिलं होतं."

ते प्रिन्स एडवर्ड काउंटीचे. फार्मव्हिल हे तिथलं मुख्य गाव, आजूबाजूला तंबाखू आणि लाकूडतोडीचा मुलूख. १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं त्या काउंटीत एकही सरकारी शाळा उघडली नाही. हे मी पुस्तकांत वाचलं होतं, पण ज्याची ती पाच वर्षं गेली असा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर पेन्सिल घेऊन बसला होता.

आपल्याकडून इथे येणाऱ्या प्रत्येक आईबापाला सुरुवातीला एक कोडं पडतं. वॉशिंग्टनमध्ये शिक्षणखातं आहे, मग अभ्यासक्रम, शिक्षकांचे पगार, सुट्ट्या यातलं काहीच तिथे का ठरत नाही? कारण अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाबद्दल अवाक्षर नाही. दहाव्या दुरुस्तीने सांगून ठेवलं आहे की जे केंद्राकडे सोपवलेलं नाही ते राज्यांचं किंवा लोकांचं. शाळा राज्यांकडे गेल्या आणि राज्यांनी त्या गावांच्या हाती ठेवल्या. खरं तर गावं घटनेच्या कितीतरी आधीपासून त्या चालवतच होती. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६४७ मध्ये कायदा केला, की पन्नास घरांच्या गावाने लिहा-वाचायला शिकवणारा मास्तर नेमावा आणि शंभर घरांच्या गावाने लॅटिन शिकवणारी शाळा काढावी. पोरांनी बायबल स्वतः वाचावं, सैतानाने त्यांना अडाणी ठेवून फसवू नये, हा त्या प्युरिटन लोकांचा हेतू. पुढे १७८५ मध्ये ओहायो नदीपलीकडची जमीन मोजून विकायची ठरली, तेव्हा सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा प्रत्येक टाउनशिपचे छत्तीस तुकडे पाडले आणि त्यातला सोळावा शाळेसाठी राखून ठेवला. ती जमीन मूळच्या रहिवाशांकडून घेतलेली होती, हे विसरून चालणार नाही. तरी वसाहतीच्या पहिल्या कुटुंबाने घर बांधण्याआधी शाळेची जागा नकाशावर आखून ठेवणारा हा विचार मोठाच होता. १८३७ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये होरेस मान यांनी सगळ्यांच्या करातून सगळ्यांच्या मुलांची शाळा ही कल्पना गावोगाव फिरून मांडली. त्याच राज्याने १८५२ मध्ये शाळेची सक्ती केली. शेवटचं राज्य मिसिसिपी, तिथे सक्ती आली १९१८ मध्ये.

१९३० च्या सुमाराला या देशात एकशिक्षकी शाळा जवळपास दीड लाख होत्या. १९४० च्या सुमाराला शाळांचा कारभार पाहणारे स्थानिक जिल्हे होते एक लाख सतरा हजार, आज ते तेरा हजारांच्या आसपास आहेत. केंद्राचा पैसा अजूनही एकूण खर्चाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा, बाकीचा राज्याचा आणि गावाचा. मला या व्यवस्थेचं मनापासून कौतुक आहे. शाळेचं छप्पर गळतं तर ते कोणापुढे जाऊन सांगायचं हे इथल्या आईला ठाऊक असतं, आणि तो माणूस तिला बाजारात भेटतो. पण गावाच्या हाती शाळा देताना गाव कोणाकोणाला आपलं मानतं, हा प्रश्न आधी सुटलेला असावा लागतो. दक्षिणेत तो सुटलेला नव्हता.

व्हर्जिनियात गावशाळेची परंपराच नव्हती. जेफरसनने १७७९ मध्ये विधेयक मांडलं होतं, की गुलाम नसलेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला तीन वर्षं फुकट शिकवावं. ते मंजूर झालं नाही. मळेवाल्यांची मुलं घरी मास्तर ठेवून शिकत. १८३१ मध्ये राज्याने कायदा केला आणि कृष्णवर्णीयांना लिहा-वाचायला शिकवण्यासाठी जमवणं हाच गुन्हा ठरवला. तो कायदा पुस्तकात असतानाच १८६१ मध्ये हॅम्प्टन इथे मेरी पीक या कृष्णवर्णीय बाईंनी मळ्यांवरून पळून आलेल्यांच्या मुलांना ओकच्या झाडाखाली शिकवायला सुरुवात केली. ते झाड अजून आहे. फांद्या जमिनीला टेकलेल्या, आणि सावली एवढी विस्तारलेली की तिच्यात चार-पाच वर्ग आरामात बसतील. व्हर्जिनियाच्या सरकारी शाळा सुरू झाल्या त्या यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये. ज्या घटना परिषदेने त्यांची तरतूद केली तिच्यात कृष्णवर्णीय सभासद होते, त्यातले काही तर कालपरवापर्यंत गुलाम होते. शाळा आल्या, पण गोऱ्यांच्या वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या.

याच सुमाराला, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्यात 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. माझ्या विद्यार्थ्याला हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ विचार करत राहिले. आमचं दुःख इतक्या लांब कोणाला कळलं होतं, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही, म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी जोतीरावांचं नाव वहीत इंग्रजीत लिहून आणलं होतं. स्पेलिंग त्यांनी स्वतः जुळवलं होतं आणि अगदी बरोबर होतं.

हळूहळू मी त्यांच्या चर्चमध्येही जाऊ लागले. तिथे सगळ्यात वडीलधाऱ्या बायकांना 'मदर' म्हणतात. त्यातल्या एका मदरशी माझं विशेष जमलं. त्या १९३५ च्या, प्रिन्स एडवर्डमध्येच वाढलेल्या. रविवारच्या प्रार्थनेनंतर तळघरात जेवण असतं, तळलेलं चिकन, कॉलर्डची भाजी, मक्याचा ब्रेड. जेवण झालं की मदर खुर्ची मागे सरकवत आणि बोलायला लागत.

त्यांच्या आईची शाळा गावाने स्वतः बांधलेली. कृष्णवर्णीयांचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन आणि शिकागोच्या सीअर्स कंपनीचे प्रमुख जूलियस रोझेनवाल्ड यांनी १९१२ पासून एक योजना चालवली. कृष्णवर्णीय खेड्याने काही रक्कम उभी करायची, रोझेनवाल्ड काही देणार, काउंटीनेही वाटा उचलायचा आणि शाळा सरकारच्या ताब्यात द्यायची. १९३२ पर्यंत दक्षिणेत अशा सुमारे पाच हजार शाळा झाल्या. हिशेब पाहिला तर कृष्णवर्णीय लोकांनी गोळा केलेले पैसे रोझेनवाल्ड यांच्या देणगीपेक्षाही जास्त भरले. काही भागांत शेतकरी कापसाचा एक पट्टा शाळेच्या नावाने लावत आणि त्याचं उत्पन्न आणून देत. मदरच्या आजोबांनी झाडं दिली आणि ती तोडायला स्वतः उभे राहिले. "आजोबा कर भरत होते," मदर म्हणाल्या. "त्या करातून गोऱ्यांची शाळा झाली. आपल्या शाळेसाठी त्यांनी पुन्हा वेगळे पैसे भरले." त्या शाळांच्या नकाशात खिडक्या उंच आणि ओळीने असत, त्याही पूर्व-पश्चिम तोंडाच्या. खेड्यात वीज नव्हती, म्हणून उजेडाचा विचार आधी.

मदर स्वतः फार्मव्हिलच्या रॉबर्ट मोटन हायस्कूलमध्ये शिकल्या. १९३९ मध्ये १८० मुलांसाठी बांधलेली ती इमारत. दशकभरात तिथे साडेचारशेच्या वर मुलं झाली. व्यायामशाळा नाही, जेवणघर नाही. वर्ग वाढवायचे म्हणून काउंटीने मैदानात लाकडी खोल्या उभ्या केल्या आणि वरून डांबरी कागद ठोकला. रस्त्याने जाणारे विचारत, इथे कोंबड्या पाळता का? पाऊस आला की मुलं छत्री उघडून वहीवर धरत. प्रत्येक खोलीत एक शेगडी. तिच्याजवळ बसणारे भाजून निघत, भिंतीकडेचे कोट घालून लिहीत. मदरची जागा भिंतीकडे होती. बोटं गारठली की त्या काखेत धरून ठेवत आणि मग पुढची ओळ लिहीत. हे सांगताना त्यांनी हात तसेच धरून दाखवले.

२३ एप्रिल १९५१. मुख्याध्यापकांना फोन आला, की तुमची काही मुलं बस स्टँडवर गोंधळ घालताहेत, ताबडतोब या. ते गेले. मग सगळ्या वर्गांत चिठ्ठ्या पोचल्या, सभागृहात जमा. मदर जाऊन बसल्या. पडदा सरकला, आणि मुख्याध्यापकांच्या जागी बार्बरा जॉन्स उभी. सोळा वर्षांची मुलगी. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि मुलांना विचारलं, की अशा शाळेत आपण का बसतो? मुलं उठली आणि संपावर गेली. दोन आठवडे संप चालला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन फार्मव्हिलला आले ते मुलांची समजूत घालून त्यांना परत पाठवायला. मुलांचा निर्धार पाहून त्यांनीच अट घातली, की नवी इमारत मागायची असेल तर आम्ही नाही. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा हाच अन्याय आहे असा दावा लावायचा असेल तर आम्ही आहोत. फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन यांनी आईबापांना घरोघरी जाऊन समजावलं. दावा लागला तेव्हा वादी म्हणून ११७ मुलांची नावं होती. मदर म्हणतात, सही करताना त्यांच्या वडिलांचा हात थरथरला, कारण ज्या गोऱ्या मालकाच्या जमिनीवर ते तंबाखू लावत तो दुसऱ्याच दिवशी विचारणार होता.

हा दावा इतर चार दाव्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्याचा निकाल लागला, त्यात फार्मव्हिलची मुलंही होती. वंशावरून वेगळ्या शाळा घटनाविरोधी ठरल्या. पण अंमल कधी, कसा, हे न्यायालयाने पुढच्या वर्षी मोघम ठेवलं आणि कारभार पुन्हा स्थानिक मंडळांवर सोडला. व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी सगळ्या ताकदीनिशी विरोध करायची हाक दिली. १९५८ च्या शरदात गव्हर्नरांनी नॉरफॉक, शार्लट्सव्हिल आणि फ्रंट रॉयलच्या काही शाळा बंद केल्या. १९ जानेवारी १९५९ रोजी राज्याच्या आणि केंद्राच्या न्यायालयांनी एकाच दिवशी ते रद्द ठरवलं, आणि त्या शाळा उघडल्या. प्रिन्स एडवर्डने दुसरी वाट काढली. मे महिन्यात अपील न्यायालयाने सांगितलं, सप्टेंबरपासून एकत्र शाळा भरवा. जूनमध्ये सुपरवायझर मंडळ बसलं आणि त्याने शाळेसाठी कर बसवायलाच नकार दिला. शाळा बंद करण्याचा हुकूम कुठेच नव्हता. फक्त तरतूद केली नाही. स्कूल बोर्ड जागेवर होतं, इमारती जागेवर होत्या, शिक्षकांना द्यायला पैसे नव्हते.

माझे विद्यार्थी तेव्हा आठ वर्षांचे. दुसरी संपवलेली. सप्टेंबरमध्ये ते रस्त्यापर्यंत गेले, आईने सांगितलं होतं की बस येणार नाही, तरी गेले. पुढे काही दिवसांनी भावाबरोबर चालत शाळेपाशी पोचले, तर दाराला साखळी आणि आत येऊ नये अशी पाटी. "ती पाटी मला वाचता आली," ते म्हणाले. "दुसरीपर्यंत एवढं आलं होतं."

गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी त्याच सप्टेंबरात उभी राहिली, देणग्यांवर. पुढे राज्याचं शिक्षण-अनुदान आणि देणगीदारांना करसवलत मिळू लागली, म्हणजे सरकारी पैसा मागच्या दाराने तिथे पोचला. अकादमीने फी लावल्यावर काही गरीब गोऱ्यांची मुलंही घरी राहिली, त्यांच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. कृष्णवर्णीय मुलं सुमारे सतराशे. ज्यांचे नातेवाईक शेजारच्या काउंटीत होते त्यांनी मुलं तिकडे ठेवली. काहींनी हद्दीपलीकडे मोडकं घर भाड्याने घेतलं, राहायला नाही, नुसता पत्ता दाखवायला. मोठ्या मुलांपैकी काही उत्तर कॅरोलिनातल्या किट्रेल कॉलेजात गेली. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या संस्थेने काही मुलांना दूरच्या राज्यांतल्या कुटुंबांत ठेवून शिकवलं. माझ्या विद्यार्थ्याची थोरली बहीण तशी गेली. पंधरा वर्षांची मुलगी, कधी काउंटीबाहेर न गेलेली, ओहायोत अनोळखी घरी. आईला एकाच मुलाला पाठवणं जमणार होतं आणि तिने जिची शाळा संपत आली होती तिला पाठवलं. "आईने बरोबर केलं," एवढंच ते म्हणतात. पण त्या बहिणीची पत्रं त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत, हेही त्यांनी सांगितलं.

ते स्वतः वडिलांबरोबर तंबाखूत गेले. माझं आजोळ निपाणीचं, तेव्हा तंबाखूचं काम मला सांगावं लागत नाही. शेंडा खुडला की बगलेत फुटवे येतात, ते दर काही दिवसांनी काढावे लागतात आणि वाकून वाकून पाठीचा काटा ढिला होतो. हाताला काळा चिकट डिंक बसतो, तो राखेने घासला तरी जात नाही. निपाणीत माझी आजी आम्हा नातवंडांना फडात येऊ देत नसे. तुमची जागा शाळेत, म्हणायची. आठ वर्षांच्या पोराला फुटवे खुडायला नेणाऱ्या त्या बापाच्या मनात काय चाललं असेल, हे मला आजीच्या त्या वाक्यामुळे समजतं. चर्चच्या तळघरात आठवड्यातून काही तास शिकवणी चाले. ग्रिफिन आणि त्यांचे सहकारी तिला मुद्दाम शाळा म्हणत नसत. शाळा म्हटलं असतं तर काउंटीला सांगायला सापडलं असतं की बघा, यांची सोय झाली.

माझे वडिलांकडचे आजोबा कोल्हापूर संस्थानातले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. मिसिसिपीच्या एक वर्ष आधी. आजोबा तेव्हा पाच-सहा वर्षांचे. रुपया म्हणजे घरातली केवढी मोठी रक्कम आणि बापाने त्या धाकाने कसं त्यांना बखोट धरून शाळेत नेलं, हे ते रंगवून सांगत. मी ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्याला सांगितली तेव्हा त्यांना त्यात राजापेक्षा दंड जास्त आवडला. सरकारने पोराला शाळेत न घातल्याबद्दल बापाकडून पैसे मागावेत! त्यांच्या लहानपणी सरकार बापाकडून घरपट्टी घेत होतं आणि शाळेला कुलूप होतं. १९५९ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने सक्तीच्या हजेरीचा राज्यभर लागू असलेला कायदाच काढून टाकला होता आणि सक्ती करायची की नाही हे काउंट्यांवर सोपवलं होतं. लोकशाहीतल्या गावाला जे करता आलं ते आजोबांच्या राजाने होऊ दिलं नसतं, असं मला तेव्हा वाटलं. पण शाहू महाराजांसारखा राजा गादीवर असणं हा प्रजेच्या नशिबाचा भाग, आणि बार्बरा जॉन्सला कुठल्याही राजाची वाट पाहावी लागली नाही.

चार वर्षांनी केनेडी सरकारने लक्ष घातलं. काउंटीकडून बंद इमारती भाड्याने घेऊन, खासगी देणग्या जमवून, सप्टेंबर १९६३ मध्ये 'फ्री स्कूल' उघडलं. नील सलिव्हन नावाचे न्यूयॉर्क राज्यातले शिक्षणाधिकारी ते चालवायला आले. दीड हजारावर मुलं आली, त्यात अगदी मोजकी गोरी. इयत्ता ठेवण्यात अर्थ नव्हता, बारा वर्षांची मुलं पेन्सिल धरायला शिकत होती. २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्रिफिन खटल्यात निकाल दिला. दावा पाद्री ग्रिफिन यांच्या मुलांच्या नावाने होता. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं की आता पुरेसा उशीर झाला, आणि गरज पडली तर कनिष्ठ न्यायालय सुपरवायझर मंडळाला कर बसवण्याचा हुकूम देऊ शकेल. न्यायालयाने स्थानिक करात हात घालावा, ही या देशात फार मोठी गोष्ट. त्या सप्टेंबरात सरकारी शाळा उघडल्या. माझे विद्यार्थी तेरा वर्षांचे झाले होते. स्वतःपेक्षा लहान मुलांत बसून त्यांनी थोडे दिवस काढले. सोळाव्या वर्षी लाकडाच्या वखारीत नोकरी मिळाली, शाळा सुटली.

यातून राज्य काही शिकलं, हे मान्य करायला हवं. व्हर्जिनियाची नवी घटना १९७१ मध्ये लागू झाली. तिच्या आठव्या अनुच्छेदात राज्यभर मोफत सरकारी शाळा ठेवण्याची जबाबदारी विधिमंडळावर टाकली आहे, आणि प्रत्येक काउंटीने आपला वाटा दिलाच पाहिजे असं बजावलं आहे. शून्य देण्याची वाट तिथे बंद झाली. स्कूल बोर्डाची निवडणूक मात्र इथे १९९२ पर्यंत होऊ शकत नव्हती, सभासद नेमले जात, आणि सगळ्या देशात तसं राहिलेलं हे शेवटचं राज्य होतं. केंद्राने १९६५ मध्ये गरीब मुलांच्या शाळांसाठी पैसा द्यायला सुरुवात केली, आणि पैशाबरोबर भेदभाव न करण्याची अटही घातली. प्रेसिडेंट जॉन्सन यांनी त्या कायद्यावर सही केली ती टेक्सासातल्या आपल्या लहानपणीच्या शाळेपाशी बसून, शेजारी त्यांच्या पहिल्या बाई होत्या. पण १९७३ मध्ये टेक्सासातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की शिक्षण हा केंद्राच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही आणि श्रीमंत-गरीब वस्तीच्या घरपट्टीतून येणारा शाळांमधला फरक तेवढ्याने घटनाविरोधी ठरत नाही. तो फरक आजही आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्राचं शिक्षणखातं गुंडाळायला लागा असा आदेश निघाला, तेव्हा आमच्या वाचनालयातल्या वर्गात सगळ्यात आधी विचारलं गेलं ते हेच, की मग भेदभावाची तक्रार कोणाकडे करायची?

२००३ मध्ये प्रिन्स एडवर्डने त्या मुलांना मानद शाळा-पदविका दिल्या. पुढच्या वर्षी राज्याने बंद शाळांमुळे शिक्षण बुडालेल्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. जुन्या मोटन हायस्कूलचं आता संग्रहालय आहे, आणि वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधला, यादवी युद्धातले दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांचा व्हर्जिनियाचा पुतळा डिसेंबर २०२० मध्ये हलवल्यावर त्या जागेसाठी बार्बरा जॉन्सची निवड झाली.

एक गोष्ट मात्र फार्मव्हिलच्या म्हाताऱ्यांत अजून मिटलेली नाही. डिसेंबर १९५९ मध्ये गोऱ्या पुढाऱ्यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठीही एक खासगी शाळा काढायची तयारी दाखवली होती. जवळजवळ कोणीच अर्ज केला नाही. त्या शाळेत मुलं घातली असती तर दाव्याचा पायाच गेला असता. एका रविवारी जेवणानंतर हा विषय निघाला. माझे विद्यार्थी एरवी मदरसमोर आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "मदर, दावा जिंकला, मला आनंद आहे. पण माझी पाच वर्षं त्यात घालायची का, हे मला कोणी विचारलं नाही. मी आठ वर्षांचा होतो."

मी मनातल्या मनात दोन्ही बाजू तोलत होते. पुस्तकात वाचताना मला मोठ्यांचा तो नकार थोर वाटला होता. समोर बसलेल्या माणसाकडे पाहून तो शब्द उच्चारणं मला जमेना. दोष कर न बसवणाऱ्यांचा, नकार देणाऱ्यांचा नव्हे, हे मी म्हटलं. ते त्यांना दोघांनाही माझ्या आधीपासून माहीत होतं, तेव्हा त्यावर कोणी काही बोललं नाही.

"तुमचं शिक्षण तोवर झालं होतं, मदर," ते पुढे म्हणाले. "तुम्ही छत्रीखाली का होईना, शिकलात."

"झालं होतं," मदर म्हणाल्या. "पण अरे, माझा थोरला त्या सप्टेंबरात पहिलीत जायचा होता. त्याच्या बापाने आणि मी रात्रभर बोलून ठरवलं, अर्ज करायचा नाही. तो पहिल्यांदा वर्गात बसला तेव्हा दहा वर्षांचा होता."